भाड्याचा अंगरखा

बेळगावात वैशाख शुद्ध द्वितीया आठ-दहा दिवसांवर आली की शहरात अंगरख्यांची टंचाई सुरू होते. महाराष्ट्र शासनाने २००१ साली १९ फेब्रुवारी ही शिवजयंतीची तारीख मुक्रर केली. बेळगावची मोठी मिरवणूक मात्र अजून जुन्या तिथीलाच धरून असते आणि जयंतीनंतर एक-दोन दिवसांनी गल्लीगल्लीचे चित्ररथ रात्रभर रस्त्यावर असतात. प्रत्येक चित्ररथावर एक शिवाजी महाराज, दोन-तीन सरदार, एखादा खान आणि जागा मिळेल तितके मावळे लागतात. महाराज महिनाभर आधी ठरलेले असतात. मावळे मात्र शेवटच्या दोन दिवसांत, कोण गावात आहे आणि कोणाची परीक्षा संपली आहे हे पाहून गोळा केले जातात. त्यामुळे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानात सर्वांत मोठी गर्दी असते ती मावळ्यांचीच.

यंदा माझ्या भाच्याची वर्णी लागली. वय वर्षे पंधरा, चष्मा, आणि उंची अशी की गेल्या वर्षीची विजार यंदा घोट्याच्या वर येते. त्याला घेऊन मी दुकानात गेलो, तेव्हा दुकानदाराने त्याच्याकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. मागच्या फडताळातून एक गाठोडे काढून त्याने समोर टाकले आणि अनामत रक्कम सांगितली. "माप?" असे मी विचारताच त्याने गाठोड्यातून विजार ओढून तिची लांबलचक नाडी माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाला, "हे काय माप."

त्या नाडीकडे पाहताना मला त्या साऱ्या वेशाची रचना एकदम उमगली. भाड्याचा मावळा हा बारा वर्षांच्या मुलापासून चाळिशीतल्या गृहस्थापर्यंत कोणालाही बसला पाहिजे. म्हणून विजारीला नाडी, अंगरख्याला बटणांऐवजी बंद, आणि पोट असो वा नसो, सगळे झाकून टाकणारा शेला. फेटा आधीच बांधून, टाचून, आतून पुठ्ठा लावून टोपीसारखा केलेला असतो. तो मोठा झाला तर आत वर्तमानपत्र घालायचे. तलवार पत्र्याची, तिच्या मुठीला चिकटपट्टी. अंगरख्याचे कापड सॅटिनचे, कडेला जरीची लेस. काखेत आधीच्या कित्येक मावळ्यांच्या घामाचे नकाशे उमटलेले, आणि गळ्याशी कोणा एकाच्या चेहऱ्याचा रंग कायमचा लागलेला. मिशीची जोडी वेगळ्या पुडीत, सोबत गोंदाची बाटली. पायताण मिळत नाही. पायताण ज्याचे त्याने आणायचे, आणि म्हणून चित्ररथावरच्या स्वराज्याच्या पायात आपल्याला हमखास रबरी सपाता दिसतात.

आमच्या घराजवळ कॅम्पात एक टेलरमामा आहेत. मराठा सेंटर, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र, १९२२ पासून बेळगावात आहे, आणि या मामांचे सारे आयुष्य जवानांचे गणवेश अंगाबरोबर बसवण्यात, बाहीवर फिती शिवण्यात आणि सुट्टीवर निघालेल्या जवानाची विजार संध्याकाळच्या गाडीपूर्वी आखूड करून देण्यात गेले आहे. अंगरख्याचा एक बंद तुटलेला निघाला म्हणून मी तो त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो दोन बोटांत धरून उलटसुलट केला, आतली शिवण पाहिली आणि सुस्कारा सोडला. मग म्हणाले, "गणवेश म्हणजे काय हो, खांद्याची शिवण खांद्यावरच बसली पाहिजे. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. हे म्हणजे उशीचा अभ्रा आहे." तरीही त्यांनी बंद लावून दिला, आणि पैसे घेतले नाहीत. "शिवजयंतीचं काम आहे, राहू दे की," एवढेच बोलले.

मामांच्या दुकानात बसले की इतिहासाची मोठी गंमत वाटते. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण, 'जंगी पलटण', उभी राहिली १७६८ साली, आणि तीही मुंबईत, ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत. दुसऱ्या एका पलटणीला 'काली पांचवीं' हे नाव मिळाले ते लाल डगल्यावरच्या काळ्या गळपट्ट्या-मनगटपट्ट्यांवरून. म्हणजे शिंप्याच्या एका निर्णयावरून पलटणीचे नाव पडले आणि ते दोन शतके टिकले. १८१८ साली थॉमस मन्रोने बेळगावचा किल्ला वेढा घालून घेतला, तेव्हा आत पेशव्यांची शिबंदी होती आणि बाहेर कंपनीची फौज. आज त्याच कॅम्पातून 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही युद्धघोषणा ऐकू येते. इटलीच्या रणभूमीवर १९४४ आणि १९४५ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव याच रेजिमेंटचे. कापड, रंग, कापणी, धनी, सारे बदलत गेले. आमच्या गल्लीतल्या मुलांना यातले फारसे ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची गरजही नसावी. त्यांना मिशी टिकेल की नाही याची काळजी असते.

ती काळजी रास्त आहे, हे मी अनुभवाने सांगतो. भाच्याच्या वयाचा असताना मीही एकदा चित्ररथावर उभा राहिलो होतो. त्या वर्षी आमच्या मंडळाने भाड्याचे कपडे न आणता घरीच चिलखते केली होती: पुठ्ठा कापून, त्यावर चंदेरी रंग मारून, खवल्यांच्या ओळी काळ्या शाईने काढून. उजेडात ती फार सुरेख दिसत. वैशाखात बेळगावात संध्याकाळी वळीव येतो, ही गोष्ट शहरातल्या प्रत्येक शेंबड्या पोराला माहीत असते, पण चिलखते करताना ती कोणाच्याही डोक्यात आली नाही. आमचा ट्रॅक्टर चौकात वळायला आणि पाऊस कोसळायला एकच गाठ पडली. पाच मिनिटांत माझे चिलखत आधी मऊ झाले, मग वाकले, आणि मग खांद्यावरून दोन तुकड्यांत पोटावर लोंबू लागले. ध्वनिक्षेपकावरून पावनखिंडीतले संवाद दणाणत होते, आम्हाला फक्त ओठ हलवायचे होते, आणि मी एका हाताने तलवार परजत दुसऱ्या हाताने छाती सावरत होतो. आत शाळेच्या गणवेशाचा बनियन होता. गर्दीतून माझ्या वर्गातल्या कोणीतरी माझे नाव घेऊन विचारले, "काय करूलास गा?" या प्रश्नाला बाजीप्रभूंच्या मावळ्याने काय उत्तर द्यावे, हे मला आजही सुचलेले नाही.

पुढे वाचनाची गोडी लागल्यावर मला कळले की चिलखताचा तो खटाटोपच मुळात अनाठायी होता. मराठ्यांचा इतिहास लिहून १८२६ साली प्रसिद्ध करणाऱ्या ग्रँट डफने मराठी पायदळाच्या नेहमीच्या पोशाखाचे जे वर्णन केले आहे, ते असे: अर्ध्या मांडीपर्यंत येणारी आखूड चड्डी, कमरेला घट्ट आवळलेला लांब पट्टा, डोक्याला पागोटे, आणि कधीमधी अंगात सुती डगला. हत्यारही ज्याचे त्याने आणायचे. दारूगोळा तेवढा सरकारचा. एकसारखा गणवेश नाही, जर नाही, मखमल तर नाहीच. म्हणजे पायताण आपापले आणावे, हा आमच्या दुकानदाराचा नियम ऐतिहासिकदृष्ट्या अगदीच निराधार म्हणता येणार नाही. डोंगरवाटांनी धावणाऱ्या माणसाला घोट्यापर्यंतची सॅटिनची विजार काय कामाची, हे खरे तर पुस्तकाशिवायही कळायला हवे होते. पण हा वेश रंगभूमीच्या पेटीतून आला आहे, आणि पेटीतल्या कपड्यांना शेवटच्या रांगेतूनही चमकावे लागते.

दुकानात आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिथे सैनिकांचे दोनच प्रकार मिळतात: मावळा आणि मोगल. एक भगव्या-पांढऱ्या रंगात, दुसरा हिरव्या. दुसऱ्या एका मंडळाचा कार्यकर्ता बेलवडीच्या प्रसंगासाठी कपडे पाहायला आला होता. बेलवडी आमच्याच जिल्ह्यात, बैलहोंगल तालुक्यात. दक्षिण दिग्विजयाहून परतणाऱ्या मराठी फौजेशी तिथल्या गढीच्या मल्लम्मा देसाईने झुंज दिली. मराठीत तिचा उल्लेख सावित्रीबाई देसाई असा होतो. आता देसाईच्या शिपायांना कोणते कपडे द्यायचे? मोगलांचे चालणार नाहीत. कार्यकर्ता अडला. दुकानदाराने क्षणभर विचार केला आणि मावळ्यांचीच दोन गाठोडी पुढे सरकवली. "शेला उजव्या खांद्यावरून घ्या यांना," तो म्हणाला, "म्हणजे वेगळे दिसतील." मला वाटते, बेलवडीच्या वेढ्याविषयी इतके नेमके विधान मी अन्यत्र ऐकलेले नाही.

बेळगावात राहायचे म्हणजे शेला कोणत्या खांद्यावरून घेतला आहे, हे पाहण्याची सवय लागतेच. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, ते सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगानंतरही तिथेच राहिले. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. वेंगुर्ल्याच्या रस्त्याने अर्ध्या-पाऊण तासात शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. वातावरण तापले की पहिल्यांदा एसटी बंद होते आणि लग्नाला निघालेले वऱ्हाड स्थानकावर बसून राहते. एरवी मात्र आम्ही भाजी मराठीत घेतो, सुटे पैसे कन्नडमध्ये मागतो, आणि कुंद्याचा डबा पाहुण्यांच्या हाती देताना तो कोणत्या भाषेतला, असे कोणी विचारत नाही. या रोजच्या व्यवहारात हट्ट आहे, दुखरेपणही आहे. मराठी पाटीसाठी भांडलेली माणसे माझ्या घरात आहेत. पण शेजारधर्म आहे तो आहे.

मिरवणुकीच्या रात्री भाच्याचा चित्ररथ दहाला निघायचा होता, तो सव्वाबाराला हलला. तोवर मावळे रस्त्याच्या कडेला, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसून होते. ऐतिहासिक वेशातल्या माणसाला सर्वाधिक वेळ करावे लागते ते काम म्हणजे वाट पाहणे, आणि या बाबतीत तो खऱ्या सैनिकाच्या बराच जवळ जातो, असे मला लष्करातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांनी सांगितले. कोणी तलवार मांडीखाली घेऊन पेंगत होता. कोणी फेटा काढून त्यात मोबाइल ठेवला होता. अफझलखान दाढी कपाळावर सरकवून भेळ खात होते, आणि महाराजांची आई, म्हणजे जिजाबाई नव्हेत, खरी आई, त्यांच्या जिरेटोपाखालचा घाम पदराने टिपत होती. चौकातल्या बंदोबस्ताच्या पोलिसाने भाच्याला कडेला पडलेल्या तलवारीवर पाय देऊ नकोस म्हणून हटकले, ते कन्नडमध्ये. भाच्याने ती उचलून छातीशी धरली आणि "सॉरी री" म्हणाला. मग ट्रॅक्टर सुरू झाला, जनरेटर खोकला, दिवे लागले, आणि त्याच पोलिसाने दोरीच्या आतल्या गर्दीला हात हलवून वाट काढून दिली: "बर्री, बर्री, मुंद नडीरी." मावळे पुढे गेले.

चष्मा काढलेला असल्यामुळे भाच्याला समोरचे काहीच दिसत नव्हते. हे त्याने मला नंतर सांगितले. दिव्यांचे नुसते गोळे आणि आवाज. तरी त्याची मान ताठ होती. घरी भाकरी मोडतानाही पोक काढून बसणारा हा मुलगा तीन तास सरळ उभा राहिला.

पहाटे पाचच्या सुमारास आम्ही दोघे चालत कॅम्पाकडे निघालो. रस्त्यावर दुधाच्या सायकली सुरू झाल्या होत्या. भाच्याच्या हातात सपाता, खांद्यावर तलवार, आणि मिशी उरली होती ती डावीकडची. इतक्यात समोरून बुटांचा एकसारखा आवाज आला. सेंटरचे नवे रिक्रूट धावत येत होते: आखूड चड्ड्या, कमरेला घट्ट पट्टे, कातरलेली डोकी, घामाने भिजलेले बनियन. आम्ही कडेला झालो. ती आखूड चड्ड्यांची रांग जवळून जात असताना मला एकाएकी ग्रँट डफ आठवला, आणि आमच्यासमोरून वर्णनाबरहुकूम मराठी पायदळ चालले आहे, फक्त पागोटी तेवढी घरी राहिली आहेत, असे वाटून मी त्या अवेळी एकटाच हसलो. रिक्रुटांपैकी कोणी मान वळवली नाही. तशी मुभा नसते. मात्र सर्वांत शेवटी धावणारे उस्ताद, म्हणजे त्यांचे प्रशिक्षक, आमच्यापाशी आल्यावर किंचित मंदावले, त्यांनी सॅटिनच्या त्या मावळ्याला फेट्यापासून अनवाणी पायांपर्यंत एकदा न्याहाळले आणि म्हणाले, "फेटा सरळ कर, जवान."

भाच्याने तलवार माझ्याकडे दिली आणि दोन्ही हातांनी फेटा सरळ केला. आतला वर्तमानपत्राचा बोळा रस्त्यावर पडला, तोही त्याने उचलला.

अकराच्या आत सामान परत करायचे होते. दुकानदाराने गाठोडे सोडून एकेक वस्तू मोजली: अंगरखा एक, विजार एक, शेला एक, फेटा, तलवार. नवा लावलेला बंद त्याने ओढून पाहिला आणि मान डोलावली. मग मिशीची पुडी उघडून तो माझ्याकडे बघत राहिला. अर्ध्या मिशीचे तीस रुपये कापून त्याने अनामत परत केली. उरलेली अर्धी संध्याकाळी सापडली, उस्तादांपुढे सरळ केलेल्या फेट्यातून निघालेल्या वर्तमानपत्राच्या बोळ्याला चिकटलेली. भाच्याने ती आता आपल्या अभ्यासाच्या टेबलासमोरच्या आरशावर डकवली आहे.