आमची वाटचाल : जुन्या मसल कारमध्ये बदल कुठवर करावेत?

मिशिगन राज्यातील पाँटिॲक शहराजवळ आमचे छोटे वर्कशॉप आहे. १९६४ ते १९७२ या काळातील अमेरिकन मसल कार, म्हणजे मोठ्या, ताकदवान इंजिनाच्या गाड्या, आम्ही येथे दुरुस्त करतो, आणि मालकाची इच्छा असेल तर त्या आजच्या रस्त्यांवर आजच्या वेगाने चालवता येतील अशा करून देतो. या दोन कामांमधली सीमा कुठे आखायची, हा प्रश्न पहिल्या गाडीपासून आमच्यासमोर आहे. त्याचे उत्तर आम्हाला एकदम सापडले नाही. ते गाडीगणिक घडत गेले.

पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून मी डेट्रॉइटला आलो आणि सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत सस्पेन्शनच्या आराखड्यांवर काम करू लागलो. २००९ साली ३० एप्रिलला क्रायस्लरने आणि १ जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, जनरल मोटर्सचा पाँटिॲक हा गाड्यांचा ब्रँड बंद करण्याची घोषणा झाली, आणि आमच्यासारख्या असंख्य इंजिनिअरांच्या व कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. याच लोकांच्या हातांत अमेरिकन व्ही-८ इंजिनाचे ज्ञान होते. एक निवृत्त मशिनिस्ट, एक पत्र्याचे काम करणारे कारागीर आणि मी, असे तिघे भाड्याच्या शेडमध्ये एकत्र आलो. हिशेबाची बाजू माझ्या पत्नीने पहिल्या दिवसापासून सांभाळली आणि आजही तीच सांभाळते.

पहिले मोठे काम आले ते १९६४ च्या पाँटिॲक जीटीओचे. ही गाडी स्वतःच एका बदलातून जन्मली होती. मध्यम आकाराच्या गाड्यांमध्ये ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्सचा त्या वेळचा दंडक होता. पाँटिॲकचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट या साध्या गाडीत ३८९ घनइंचांचे इंजिन बसवले आणि ते ‘पर्याय’ म्हणून विकून त्या नियमातून वाट काढली. एका कार्ब्युरेटरसह ३२५ आणि तीन कार्ब्युरेटरसह ३४८ अश्वशक्ती, असे त्या इंजिनाचे आकडे होते. म्हणूनच एखादा ग्राहक जेव्हा म्हणतो, “कारखान्यानेच जे केले तेच मी आज करतो आहे, मग अडचण काय?”, तेव्हा त्याचा युक्तिवाद आम्ही हसण्यावारी नेत नाही. मात्र कारखान्याने इंजिन मोठे केले तरी ब्रेक टेम्पेस्टचेच ठेवले होते, हेही आम्ही त्याला सांगतो. सुमारे साडेतीन हजार पौंडांच्या त्या गाडीला चारही चाकांवर साडेनऊ इंची ड्रम होते आणि ब्रेक ऑइलचा एकच मार्ग होता, त्यामुळे एक पाइप फुटला की चारही ब्रेक जात. पुढचे डिस्क ब्रेक जीटीओला १९६७ मध्ये, तेही पर्याय म्हणून, मिळाले.

म्हणून आमच्याकडे कामाचा क्रम ठरलेला आहे. गाडी आधी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग गर्दीत उभी असताना तापू नये, आणि त्यानंतरच ती अधिक जोराने पळावी. ग्राहक बहुधा उलट्या क्रमाने विचार करून येतात आणि इंजिनाचे नाव घेऊनच दारात उभे राहतात. दुहेरी मास्टर सिलिंडर (म्हणजे ब्रेक ऑइलचे दोन स्वतंत्र मार्ग), पुढचे डिस्क ब्रेक आणि रेडियल टायर यांबाबत आम्ही तडजोड करत नाही. हे सर्व मूळच्या भोकांत बसते, आणि उद्या कुणाला नको असेल तर एका दिवसात काढता येते.

वळण्याचा विषय माझ्या विशेष आवडीचा आहे, त्यामुळे त्यावर थोडे अधिक लिहितो. १९६४ ते १९७२ या काळातील जीटीओ आणि शेव्हरोलेची शेव्हेल यांचे पुढचे सस्पेन्शन एकाच घराण्यातले आहे. त्यात स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, आखूड असल्यामुळे वळणावर गाडी कलली की बाहेरचे चाकही वरच्या अंगाने बाहेर झुकते आणि टायरची कड रस्त्यावर घासली जाते. त्या काळच्या अरुंद टायरना ते फारसे जाणवत नसे. आजच्या रुंद, चिकट टायरचा मात्र त्यामुळे अर्धा उपयोग वाया जातो. उंच बॉल जॉइंट (स्पिंडलला जोडणारे गोलाकार सांधे) आणि त्यांना जुळणारे वरचे कंट्रोल आर्म (चाकाला चॅसीशी जोडणारे दांडे) बसवले की हा दोष बराचसा दूर होतो, आणि चॅसीला कुठेही करवत लागत नाही. मागच्या बाजूचे खालचे आर्म दाबलेल्या उघड्या पत्र्याचे असतात, त्यांच्या जागी बंदिस्त आर्म लावले की मागचा एक्सल जागेवर राहतो. शेव्हरोलेच्याच पहिल्या पिढीच्या कॅमॅरोचे दुखणे वेगळे आहे. तिची पुढची सबफ्रेम, म्हणजे इंजिन पेलणारा सांगाडा, रबरी बुशांवर उर्वरित बॉडीला जोडलेली असते, त्यामुळे जोर वाढवला की पुढचा आणि मागचा भाग एकमेकांविरुद्ध पिळवटू लागतात. तिथे आम्ही हे दोन भाग जोडणारे, बोल्टने बसणारे कनेक्टर वापरतो. वेल्डिंगचे कनेक्टर अधिक भक्कम असतात हे आम्हाला मान्य आहे, पण अस्सल गाडीच्या तळाला वेल्डिंगचा डाग लावण्याइतका तो फरक मोठा नाही, असे माझे ठाम मत आहे.

अश्वशक्तीच्या जुन्या आकड्यांविषयी बराच गैरसमज आहे. १९७१ पर्यंतचे बहुतेक आकडे ‘ग्रॉस’ पद्धतीचे, म्हणजे अल्टरनेटर, एअर फिल्टर आणि गाडीचा सायलेन्सर नसलेल्या इंजिनाचे असत. १९७२ पासून ‘नेट’ पद्धत रूढ झाली. त्यामुळे १९७० च्या शेव्हेलमधील ४५४ घनइंची एलएस-६ इंजिनाची ४५० अश्वशक्ती आणि जनरल मोटर्सच्या अलीकडच्या एलएस मालिकेतील ६.२ लिटर एलएस-३ ची ४३० अश्वशक्ती यांची थेट तुलना होऊ शकत नाही; प्रत्यक्ष चाकांपाशी एलएस-३ पुढे असते. शिवाय ॲल्युमिनियमचे हे इंजिन लोखंडी बिग ब्लॉकपेक्षा, म्हणजे त्या जुन्या मोठ्या इंजिनापेक्षा, सुमारे २०० पौंडांनी हलके असल्यामुळे पुढच्या चाकांवरचा भारही उतरतो. हे फायदे खरे आहेत, आणि ज्या गाडीचे मूळ इंजिन कधीच हरवले आहे तिच्यात आम्ही एलएस आनंदाने बसवतो.

मूळ इंजिन शाबूत असेल तर मात्र प्रश्न बदलतो. १९६८ पासून इंजिनावर गाडीच्या क्रमांकाचा भाग कोरलेला असतो, त्यामुळे ते इंजिन त्याच गाडीचे आहे की नाही हे पडताळता येते. १९७० च्या शेव्हेलच्या बाबतीत तर गाडीच्या क्रमांकावरून ती एसएस, म्हणजे अधिक ताकदीची खास आवृत्ती, आहे की नाही हेही कळत नाही. बिल्ड शीट (कारखान्यातील जुळणीचा कागद), विक्रीचे कागद आणि कोरलेले क्रमांक हेच पुरावे उरतात. पाँटिॲकच्या गाड्यांचे मूळ बिलिंग रेकॉर्ड मिळवता येते, शेव्हरोलेच्या मालकांना ती सोय सहसा नाही. अशा गाडीचे इंजिन काढून विकायला निघालेल्या ग्राहकाला आम्ही थांबवतो. दुसरे इंजिन बसवायचेच असेल तर मूळ इंजिन तेल लावून, स्टँडवर घट्ट बांधून, गाडीसोबतच जपावे अशी आमची अट असते, आणि ती मान्य नसेल तर आम्ही ते काम घेत नाही. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत अशी कामे नाकारणे घरच्या हिशेबाला परवडत नव्हते. तरीही पत्नीने एकदाही आग्रह धरला नाही, याची नोंद येथे केली पाहिजे.

बदलांपैकी सर्वांत जास्त समाधान देणारा बदल म्हणजे पाचवा गिअर. मूळच्या मन्सी गिअरबॉक्सचा चौथा गिअर सरळ एकास एक असतो. ३.७३ चा एक्सल (चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याच्या ३.७३ फेऱ्या) आणि २६ इंची टायर असतील तर ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला जवळजवळ ३,४०० फेऱ्या मारते, आणि तासाभराने डोके भणभणते. ट्रेमेकचा टीकेएक्स हा पाच गिअरचा गिअरबॉक्स २०२१ पासून मिळू लागला. त्यात ०.६८ चा पाचवा गिअर घेतला तर त्याच वेगाला फेऱ्या सुमारे २,३०० वर येतात. जुन्या गाड्यांच्या बोगद्यात, म्हणजे तळाच्या पत्र्यातील गिअरबॉक्सच्या जागेत, तो फारशी काटछाट न करता बसतो. सहा गिअरचा टी-५६ मॅग्नम अधिक ताकद पेलतो, पण त्यासाठी बहुतेक गाड्यांच्या तळाचा पत्रा कापावा लागतो, म्हणून तो आम्ही आधीच कापलेल्या गाड्यांपुरता ठेवला आहे.

न काढता येणारा एक बदल मात्र आम्ही करतो. जुन्या इंजिनांच्या हेडमधील (वरच्या झाकणातील) व्हॉल्व्ह सीटना, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतात त्या कडांना, पेट्रोलमधील शिशाचे संरक्षण असे. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ पासून पूर्ण बंद आहे. हेड उघडलेले असेल आणि सीट झिजलेल्या दिसल्या तर आमचे मशिनिस्ट त्या जागी कठीण धातूच्या सीट बसवतात. उघडायचे कारण नसेल तर आम्ही हेडला हात लावत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे कुजणारे रबरी पाइप मात्र प्रत्येक गाडीत बदलतो.

पुण्या-मुंबईहून अनेक तरुण आपल्या जुन्या गाड्यांविषयी विचारतात. त्यांना मी आधी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचायला सांगतो, कारण कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना ते मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. मिशिगनमध्ये वाहनांची नियमित तपासणी नाही, त्यामुळे येथे विवेकाची जबाबदारी मालक आणि कारागीर यांच्यावरच पडते.

अलीकडे विजेवर चालणाऱ्या मोटरची चौकशी वाढली आहे. फोर्डने २०२१ मध्ये अशी मोटर सुटी विकायला काढल्यापासून ग्राहकांना ते सहज शक्य वाटू लागले आहे. मोटर बसवणे खरोखरच अवघड नाही; बॅटरीला जागा करण्यासाठी तळ आणि डिकीचा पत्रा कापावा लागतो, ही खरी अडचण आहे. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि कागद तिन्ही गमावलेल्या एखाद्या सांगाड्यावरच आम्ही हे काम करू, असे आम्ही ठरवले आहे, आणि तसा सांगाडा घेऊन येणाऱ्या ग्राहकासाठी आराखडे तयार ठेवले आहेत.