लिव्होर्नो, लेगहॉर्न, लिओर्ना

गुरुवार, रात्र

इंग्रज कवी शेली बुडाला ती जागा आज नकाशावर शोधत बसले होते. ८ जुलै १८२२ला तो लेगहॉर्नहून होडीने निघाला, लेरिचीजवळच्या आपल्या घराकडे, आणि वादळात सापडला. त्याच्या सगळ्या इंग्रजी चरित्रांत हेच आहे. लेरिची लगेच मिळालं. लेगहॉर्न मात्र इटलीच्या नकाशात कुठेच नाही. पिसाच्या जरा खाली, तोस्कानाच्या किनाऱ्यावर जे मोठं बंदर आहे त्याचं नाव लिव्होर्नो, आणि इंग्रज पिढ्यान्‌पिढ्या त्यालाच लेगहॉर्न म्हणत आले.

फिरेंझेचं फ्लॉरेन्स, नापोलीचं नेपल्स, तोरिनोचं ट्युरिन हे कानाला पटतं, सख्खी भावंडं वाटतात. पण लिव्होर्नोचं लेगहॉर्न? त्यातला ‘ग’ आला कुठून?

आला जेनोव्हाकडून, इटलीतल्याच दुसऱ्या बंदराकडून. हे गाव आधी जेनोव्हावाल्यांच्या ताब्यात होतं. १४२१मध्ये त्यांनी ते फ्लॉरेन्सला एक लाख फ्लोरिनला, म्हणजे सोन्याच्या नाण्यांना, चक्क विकलं. गाव गेलं, पण त्यांच्या तोंडचं ‘लिगोर्ना’ हे रूप समुद्रावर फिरतच राहिलं. इंग्रज खलाशांच्या कानावर तेच पडलं आणि त्यांनी ते आपल्या ओळखीच्या दोन शब्दांत, पाय आणि शिंग, कोंबून बसवलं. स्पॅनिश लोकांनी ‘व्ह’ही टाकला नि ‘ग’ही, म्हणून त्यांचं लिओर्ना. फ्रेंचांचं लिवूर्न. ट्युनिसमध्ये तर पुढचं ‘लि’ही गळालं: लिव्होर्नोहून तिथे जाऊन राहिलेल्या ज्यूंना अरबीत ‘ग्राना’ म्हणत, एकटा असेल तर ‘गोर्नी’. १७१०मध्ये त्यांनी स्थानिक ज्यूंपासून वेगळी चूलच मांडली.

मूळ नावाचं काय, तर लिबुर्ना नावाच्या रोमन काळातल्या हलक्या, वेगवान गलबतांशी त्याचा संबंध लावतात. मला ते जरा जास्तच सोयीचं वाटतं. बंदर दिसलं की व्युत्पत्ती सांगणाऱ्याला जहाज आठवणारच.

मूळ नावापेक्षा मला ही वाकडीतिकडी रूपं जास्त आवडतात, कारण एवढी रूपं ज्या गावाला मिळाली तिथे तेवढी माणसं येऊन गेली. लिव्होर्नोत तर बोलावून आणली होती. १५९१ आणि १५९३मध्ये तोस्कानावर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या पहिल्या फेर्दिनांदोने जाहीरनामे काढले आणि त्यांत कोणी यावं याची यादीच दिली: स्पॅनिश, पोर्तुगीज, ग्रीक, जर्मन, ज्यू, तुर्क, मूर, आर्मेनियन, इराणी. या, व्यापार करा, तुमच्या धर्माच्या वाटेला कोणी जाणार नाही. हा काही मोठा उदारमतवाद नव्हता, फेर्दिनांदोला बंदर भरायचं होतं. पण परिणाम असा झाला की व्हेनिस, रोम, खुद्द फ्लॉरेन्स इथे ज्यूंना कोंडवाड्यासारख्या वेगळ्या वस्तीत राहावं लागत असताना लिव्होर्नोत तसली भिंत कधी उभीच राहिली नाही.

आणि मग गोवा! हे वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसले. अठराव्या शतकात लिव्होर्नोत एर्गास आणि सिल्वेरा या ज्यू भागीदारांची पेढी होती. भूमध्य समुद्रातली पोवळी ते लिस्बनमार्गे गोव्याला पाठवत आणि बदल्यात हिरे मागवत. गोव्यात त्यांचं काम बघणारे कोण, तर आपले सारस्वत व्यापारी. कामत! पोर्तुगीज कागदांत त्यांचं ‘कामोतीं’ होतं. पत्रव्यवहार पोर्तुगीजमध्ये. पोवळी पाठवायची, मग महिनोन्‌महिने जहाजाची वाट बघायची, आणि हिरे कुठल्या प्रतीचे निघतील ते समोरच्यावर सोडायचं. दोघांनी एकमेकांचं तोंडही बघितलेलं नसणार. धर्म वेगळा, राजा वेगळा, फसवलं तर दाद मागायला जवळ कोर्टही नाही. तरी वर्षानुवर्षं चाललं. कामतांच्या घरात या गावाचं नाव निघत असेल ते पोर्तुगीज वळणाचंच असणार. म्हणजे इंग्रजांचं लेगहॉर्न आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी हे गाव कोकण किनाऱ्यावर दुसऱ्याच कुठल्या नावाने माहीत होतं.

इंग्रजांचं लेगहॉर्न आपल्याकडे आलं ते कोंबडीच्या पायांनी. माहेरी चुलत्यांची पोल्ट्री होती, तिथे ‘व्हाइट लेगहॉर्न’ हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडायचा. पांढरीशुभ्र, पिवळ्या पायांची, लालभडक तुरा एका बाजूला डोळ्यावर कललेला. काका तिचं कौतुक एकाच गोष्टीसाठी करायचे: खुडूक बसत नाही. गावरान कोंबडी चार अंडी घातली की त्यांच्यावर ठाण मांडते. ही अंडं घालते नि चालू लागते. ही जात लिव्होर्नोच्या बंदरातून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेला गेली, तिथे आधी तिला नुसतं ‘इटालियन’ म्हणत, मग बंदराचं नाव चिकटलं. अमेरिकेतून ती १८७०च्या सुमारास इंग्लंडला पोचली. आणि आमच्या गावात तिचं अंडं विकलं जायचं ‘इंग्लिश अंडं’ म्हणून. इटलीत तिला अर्थातच लिव्होर्नेसे म्हणतात.

गंमत म्हणजे इंग्रजांनी आता शहरापुरतं ‘लेगहॉर्न’ सोडूनच दिलंय. त्यांचे नवे नकाशे, वर्तमानपत्रं सगळीकडे लिव्होर्नो. जुनं नाव उरलं ते कोंबडीला, आणि गवताच्या बारीक विणीच्या हॅटला. मराठीतही नावांची अशीच वाटणी दिसते. बातमीत शहर नेपल्स असतं, पण खेळाच्या पानावर क्लब नापोलीच, मॅराडोनाचा.

परकं नाव मोडून ‘खरं’ नाव आणण्याचा हट्ट धरणाऱ्यांना जेनोव्हाचं उदाहरण द्यावंसं वाटतं. तिथला फुटबॉल क्लब १८९३मध्ये इंग्रजांनी काढला, तोही ‘जेनोआ क्रिकेट अँड अ‍ॅथलेटिक क्लब’ म्हणून. हो, क्रिकेट. शहराचं इटालियन नाव जेनोव्हा, क्लबचं नाव मात्र इंग्रजी, जेनोआ. मुसोलिनीच्या राजवटीत परकी नावं हटवायची मोहीम निघाली तेव्हा क्लबला ‘जेनोव्हा १८९३’ व्हावं लागलं. मिलानच्या क्लबवरही तीच वेळ आली, त्याचं ‘मिलानो’ झालं. युद्ध संपलं, सक्ती गेली, आणि दोन्ही क्लबांनी पहिलं काम काय केलं असेल तर आपलं इंग्रजी नाव परत लावलं.