दुष्फेन

चार दिवस गिझर कुंथत होता. बटण दाबलं की आत कुणीतरी कढईत वाळू भाजतंय असा आवाज यायचा आणि अर्ध्या तासानं जे पाणी यायचं ते जेमतेम कोमट. शेवटी दुपारच्याला प्लंबर आला. पोरगं तरुण, पण हात जाणता. गिझर खाली उतरवून त्यानं एलिमेंट ओढलं तर ते येईना. हिसके दिल्यावर एकदाचं बाहेर आलं. बोटाएवढी नळी मक्याच्या कणसाएवढी जाड झाली होती, पांढरी, खरबरीत. त्यानं पान्यानं हलकेच ठोकलं तशा अंड्याच्या टरफलासारख्या कपच्या फरशीवर पडल्या.

"काका, ह्यात पाणी कुठनं तापंल? आधी दगूड तापणार, मग पाणी."

तो बाजारात नवं एलिमेंट आणायला गेला आणि मी एक कपची उचलून बघत बसलो. आतल्या बाजूला नळीचा गोल ठसा, बाहेरून साखरेसारखे दाणे. कडेनं पाहिलं तर थर मोजता येत होते. आमचं बोअरचं पाणी असं थराथरानं बसलेलं मी प्रथमच हातात धरत होतो. एरवी ते दिसतं ते स्टीलच्या तांब्यावरच्या ठिपक्यांत, शॉवरच्या बुजलेल्या भोकांत आणि बाथरूमच्या आरशावर, जो पुसून पुसून आता धुक्यात गेल्यासारखा झालाय.

मला एक खोड आहे. कुणाकडं पाहुणा म्हणून गेलो की हात धुवायच्या निमित्तानं मी त्यांचा नळ बघतो. तोटीच्या तोंडाला पांढरी कड असली की बोअर, नसली की नदीचं. बादलीच्या आतली रेघ बघितली तर घरात पाणी किती दिवस साठवतात तेही कळतं. बायको म्हणते, लोक दिवाणखाना बघतात, तुम्ही मोरी बघता.

आठवीत विज्ञानाच्या पुस्तकात असल्या जड पाण्याला दुष्फेन म्हटलं होतं. ज्याला फेस येत नाही ते. दुर्योधन, दुःशासन, दुष्फेन. मला बरेच दिवस तो शंभरातलाच एखादा धाकटा कौरव वाटत होता. आमच्या आजीला हा शब्द ठाऊक नव्हता. ती म्हणायची, "ते पाणी साबण खातंय." विज्ञान तरी याहून वेगळं काय सांगतं? पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याची चिकट साय करतात, आणि त्यांचं पोट भरल्यावर उरलेल्या साबणाचा काय तो फेस. कपड्यांच्या पावडरला त्याचं फारसं वावडं नसतं. वडीला मात्र असतं.

कोल्हापूरच्या जुन्या पेठांतल्या माणसाला जड पाणी म्हणजे काय हे सांगून कळत नसे. कळंबा तलावाचं पाणी शहरात यायचं, पुढं पंचगंगेचं. मंगळवार पेठेतल्या एका भागाला आजही पाण्याचा खजिना म्हणतात. पाण्याला खजिना म्हणणारं गाव ते! राधानगरी-गगनबावड्याकडं पडलेला पाऊस नदीतनं धावत येतो, त्याला दगडाशी बोलत बसायला वेळच नसतो. बोअरचं पाणी निवांत. ते काळ्या खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरतं आणि खडकातलं जे विरघळेल ते घेऊन बसतं. तापवलं की त्यातला काही भाग सुटतो आणि जी वस्तू सगळ्यांत गरम, तिच्यावरच बसतो. आमचं घर उपनगरात. चावीचं पाणी सकाळी येतं, बाकी दिवसभर बोअर, आणि टाकीत दोन्हीचा संसार. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं शहरात पोचलं, तरी आमच्या टाकीत बोअर अजून आहेच.

आजीच्या घरी तांब्याचा बंब होता. शेणी, करवंट्या, बंबफोड, मिळेल ते त्याच्या पोटात. रविवारी शिकेकाईनं डोकं धुवायचा कार्यक्रम व्हायचा आणि त्या पाण्याला धुराचा एक मंद वास असायचा. आजी चिंच लावून बंब घासायची ती बाहेरून, लख्ख दिसावा म्हणून. आतून खरवडल्याचं काही आठवत नाही. नदीचंच पाणी ते.

जड पाण्याशी माझी गाठ पडली मावशीच्या गावी. मावशी शिरोळ तालुक्यात दिलेली. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला पंचगंगा, चारी बाजूंनी ऊस. आणि प्यायला विहिरीचं मचूळ पाणी. उसाला पाणी पाजून पाजून तिकडच्या कित्येक रानांना मीठ फुटलं. पाण्याचा निचरा होत नाही, खालचे क्षार वर येतात आणि उन्हाळ्यात जमीन पीठ सांडल्यासारखी पांढरी दिसते. मावशीची विहीर अशाच एका रानाच्या कडेला होती.

बेंदराला आम्ही तिच्याकडं जायचो. पुरणाची डाळ त्या पाण्यात शिजायची नाही. चार तास चुलीवर ठेवली तरी दाणा बोटांत टणक लागायचा. मावशी चिमूटभर सोडा टाकायची, मग डाळ मऊ व्हायची पण पुरणाला साबणासारखी चव यायची. म्हणून एका वर्षी आईनं युक्ती काढली. गोडेतेलाचा रिकामा डबा धुऊन त्यात घरच्या नळाचं पाणी भरलं आणि आम्ही तो कुरुंदवाड गाडीत चढवला. डबा माझ्या पायांत. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्यात?" मी म्हटलं, "पाणी." तो माझ्याकडं बघतच राहिला. दोन नद्यांच्या गावाला हे कार्टं कोल्हापुरातनं पाणी न्यायलंय.

डाळ तासाभरात शिजली. पुरण लोण्यासारखं झालं, कटाच्या आमटीला रंग आला, काका दोन पोळ्या जास्त जेवले. सगळी खूश, मावशी सोडून. ती चुलीपुढं बसून पोळ्या लाटत होती, आणि मान वर न करता आईला म्हणाली, "आक्का, आमच्या पाण्यात काय इख हाय व्हय?" आई काहीतरी हसून बोलली. पण पुढच्या वर्षी डबा नेला नाही, आणि पुरण पुन्हा सोड्याचं खाल्लं. मीही मुकाट्यानं खाल्लं.

आता शुद्ध पाण्याची यंत्रं विकणारे दारात येतात. एकानं आमच्या स्वयंपाकघरात दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, एकात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत लोखंडी कांड्या घालून वीज सोडली. आमचा ग्लास गटारासारखा तपकिरी झाला. शेजारच्या वहिनींनी तोंडाला पदर लावला. अहो, तो गंज त्याच्याच कांडीचा! क्षार असलेल्या पाण्यातनं वीज जाते म्हणून कांडी झिजते, त्याच्या पाण्यातनं जवळजवळ जातच नाही म्हणून ते नितळ राहतं. मी हे सांगितलं तर वहिनी मलाच म्हणाल्या, "तुम्ही प्या मग ते." भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या कठीणपणाची, म्हणजे या जडपणाची, पसंतीची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायला मुभा. म्हणजे घशापेक्षा गिझरलाच त्याचं जास्त दुखणं. पण तपकिरी ग्लास डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला आकडे काय सांगणार!

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि वर चढतच राहिली. उपसा केंद्रं पाण्याखाली गेली. गावाला पाण्याचा वेढा आणि नळ कोरडे. त्या दिवसांत आमच्या बोअरला जो मान मिळाला तो कधी कुणाला मिळाला नसेल. वीज असेल तेव्हा मोटर चालायची आणि फाटकापर्यंत घागरींची रांग लागायची. एरवी याच पाण्यानं केस चरबट होतात म्हणणाऱ्या बायका हंडा काठोकाठ भरून घेत होत्या.

मावशी तेव्हा आमच्याकडंच होती. रस्ता बंद व्हायच्या आदल्या दिवशी तिला आणलं होतं. एक गाठोडं, औषधांची पिशवी, एवढंच बरोबर. काका जाऊन सहा वर्षं झालेली. तिचं घर कुठवर बुडालं हे फोनवर कळत होतं आणि आम्ही तिला सांगत नव्हतो. आल्या दिवशी ती मोरीत गेली, हात-पाय धुताना साबणाची वडी हातात बराच वेळ फिरवत राहिली. फेस काही येईना. मी दारात टॉवेल घेऊन उभा होतो.

"आमच्यासारखंच हाय की रं पाणी," ती म्हणाली, आणि ओली बोटं एकमेकांवर घासून बघत राहिली.

बेल वाजली. प्लंबर नवं एलिमेंट घेऊन आला होता. बसवता बसवता म्हणाला, "पाणी हलकं करणारा सॉफ्टनर बसवा काका, टाकीच्या लाईनला. फकस्त अधनंमधनं मीठ टाकायला लागतंय."

"बघू," मी म्हटलं.

"सगळीच असं म्हणत्यात," तो फरशीवरच्या कपच्या केरसुणीनं गोळा करत म्हणाला. "वर्षाभरानं येतो परत."