भिंतीतून आलेला कोयता

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ॲक्शनपटांवर मी तासन्‌तास बोलतो, पण 'द रेड'चा विषय निघाला की माझा सूर उतरतो. असं का, हे बऱ्याच जणांनी विचारून झालंय. हाणामारी सोसवत नाही का? तसं अजिबात नाही. हाणामारीसाठीच तर मी तो बघायला बसलो होतो.

सिनेमा इंडोनेशियातला, २०११ चा. दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स मूळचा वेल्सचा. पेंचाक सिलाट या तिथल्या युद्धकलेवर माहितीपट करताना त्याला इको उवैस भेटला आणि पुढे तोच त्याचा नायक झाला. त्यांना खरं तर वेगळाच, मोठा सिनेमा करायचा होता. पैसे उभे राहिनात, म्हणून एका इमारतीत मावेल अशी गोष्ट घेतली आणि सुमारे ११ लाख डॉलरमध्ये ती करून दाखवली. टोरंटोच्या महोत्सवात मध्यरात्रीच्या विभागात प्रेक्षकांचा कौल याच सिनेमाला मिळाला, समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. अशा धडपडीचं मला फार कौतुक आहे. म्हणून तर अपेक्षाभंग जास्त लागला.

वीसेक पोलिसांची तुकडी जकार्तातल्या एका इमारतीत घुसते. वरच्या मजल्यावर तामा नावाचा गुंड. पोलीस अडकल्यावर तो ध्वनिक्षेपकावरून भाडेकरूंना सांगतो की यांना संपवा, तुमचं भाडं कायमचं माफ. त्या वाक्याला मी सावरून बसलो. म्हणजे इथे माणसं राहतात. भाड्यासाठी कोण कोयता उचलेल? कोण आतून कडी लावून घेईल? शेजाऱ्याला कोण अडवेल? सगळा सिनेमा त्या एका घोषणेत होता.

आणि थोडा वेळ तो तसा घडतोही. गोफार नावाचा एक साधा भाडेकरू, आजारी बायकोसाठी औषध घेऊन आलेला. तो रामाला, म्हणजे उवैसनं रंगवलेल्या पोलिसाला, आणि त्याच्या जखमी सहकाऱ्याला भिंतीमागच्या पोकळीत लपवतो. कोयतेवाले घरात शिरतात, शोधतात, काही सापडत नाही. मग त्यांच्यातला एक जण भिंतीत कोयता खुपसत जातो. पातं आरपार येतं आणि रामाच्या गालात रुततं. त्यानं ओरडायचं नाही, हलायचं नाही. पलीकडचा माणूस पातं मागे ओढू लागतो, आणि रामा ते हातानं पुसून घेतो, रक्त दिसू नये म्हणून. इथे एकही ठोसा नाही, तरी माझा श्वास अडकला होता. त्या एका जखमेची मला जितकी भीती वाटली, तितकी पुढच्या साऱ्या सिनेमात वाटली नाही.

कारण पुढे जखमांना काही किंमतच राहत नाही. उवैस आणि तामाचा मारेकरी मॅड डॉग झालेला यायान रुहियान, या दोघांनीच मारामाऱ्या बसवल्यात, आणि त्यांची तयारी थक्क करणारी आहे. कॅमेरा लांब राहतो, हात-पाय स्पष्ट दिसतात, कुठे फसवाफसवी नाही. पण माणसं भिंतीवर आदळतात, उठतात, पुन्हा तेवढ्याच वेगानं भिडतात. विसाव्या माणसाला लोळवताना रामा पहिल्याइतकाच ताजा. थकवा दिसला असता तर पुढचा जिना मलाही चढवला नसता.

शेवटची लढत तर मला सर्वात जास्त खटकते. रामा आणि अँडी, एक पोलीस, दुसरा तामाचा उजवा हात. सख्खे भाऊ, दोघं मिळून मॅड डॉगशी लढतात. इतके दिवस दुरावलेले भाऊ पहिल्यांदा एकमेकांसाठी मार खातायत. यात किती काय होतं! पण त्यांच्या वाट्याला मोजके संवाद आले आहेत. ट्यूबलाइटच्या फुटक्या काचेनं शेवट होतो तेव्हा मला काच आठवते, भाऊ नाही.

अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टनं या सिनेमाला चारपैकी एकच तारा दिला होता, त्यावर बरीच ओरड झाली. मी इतका कठोर होणार नाही. त्या भिंतीच्या प्रसंगासाठी मी हा सिनेमा आजही कुणालाही दाखवेन. ज्याला तो प्रसंग सुचला, त्याला माणसं कळत होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मी पुन्हा लावतो तेव्हा रामा गोफारच्या घरातून बाहेर पडला की माझं मन तिथेच मागे राहतं, त्या आजारी बाईपाशी, जिच्या घराची झडती घेऊन कोयतेवाले नुकतेच गेलेत.