मर्फीच्या तोंडातली कडी

आण्णांचा फोन आला की माझ्याआधी घोड्याची चौकशी होते. गेल्या रविवारीही पहिला प्रश्न तोच, "काय गं, थांबतोय का आता तो?"

थांबतो. पण तिथवर यायला आठ महिने लागले, आणि त्यातले पहिले तीन महिने माझ्या चुकीपायी माझ्या घोड्याने, मर्फीने सोसले. पुण्यात घोडेस्वारी शिकणारी माझी भाची सध्या त्याच चुकीच्या उंबरठ्यावर आहे. तिचा घोडा उडी मारताना पळत सुटतो आणि तिला "जरा कडक" बिट घ्यायचंय. बिट म्हणजे घोड्याच्या तोंडात बसणारा, लगामाला जोडलेला दांडा. तिला फोनवर सांगितलंच, पण सगळं नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

मी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये राहते. इथे बॅडमिंटन नावाचं गाव आहे. इंग्रज अधिकारी पुण्यात जो फुलाचा खेळ खेळायचे, त्याला नाव मिळालं ते याच गावातल्या सरदाराच्या वाड्यावरून. इथल्या लोकांना मात्र हे गाव १९४९ साली सुरू झालेल्या घोड्यांच्या मोठ्या स्पर्धेमुळे माहीत. आसपासच्या गावांतून सकाळी चालत गेलं तर कुठल्या ना कुठल्या कुंपणावरून एखादं लांबट तोंड डोकावतंच.

मर्फी आयरिश ड्राफ्ट जातीचा, बारा वर्षांचा. ही जात पूर्वी शेतात नांगराला, बाजारात गाडीला आणि सुट्टीच्या दिवशी शिकारीला चालायची. उंची सोळा हात दोन इंच (घोड्यांच्या मापात हात चार इंचांचा), म्हणजे खांद्याशी १६८ सेंटीमीटर. माझं डोकं त्याच्या पाठीच्या खाली राहतं. मोकळ्या मैदानात तो अगदी शहाणा. पण ओळीने अडथळे मांडले की दुसऱ्या उडीनंतर मान लांब करून, माझ्या बोटांतून लगाम ओढून घेऊन तो सुटायचा. ९० सेंटीमीटरचे अडथळे त्याला काहीच नव्हते. भीती मला होती.

तबेल्यात सल्ला मिळाला, "त्याला गॅग लाव." गॅग हे कडक बिट. यात मधल्या मोठ्या कडीत तोंडातला दांडा बसतो, वर एक छोटी कडी आणि खाली आणखी. लगाम जितका खालच्या कडीत अडकवाल तितकी तरफ मोठी. ओढलं की डोक्यावरचा पट्टा कानांमागे खाली दाबतो आणि दांडा ओठांच्या कोपऱ्यांत वर चढतो. मी लगाम सर्वात खालच्या कडीत अडकवला. पहिल्या दिवशी मर्फी थांबला आणि मला हायसं वाटलं.

चौथ्या आठवड्यात तो उडीआधी डोकं वर फेकू लागला. पाठ खाली वाकवून उडायचा, मागचे पाय काठीला लागायचे. मग एका रुंद अडथळ्यासमोर तो ठाम उभा राहिला. तसा तो कधीच थांबला नव्हता. खाली उतरून पाहिलं तर ओठाच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या फेसात गुलाबी रेघ होती. मी बोटाने पुसली, पुन्हा उमटली.

आमच्या शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या आहेत. त्यांनी बिटाचं नावही काढलं नाही. मर्फीचा ओठ वर केला आणि मला आत बोट घालायला लावलं. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे मोकळी जागा असते, बिट बसतं ते तिथेच. तिथे हाड आणि त्यावर पातळ कातडी, बस्स. मी फिजिओथेरपिस्ट आहे. बोट लावताक्षणी मला नडगी आठवली. नडगीला पलंगाचा कोपरा लागला की कसं होतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

मर्फीची जीभ जाड आहे, तोंड मिटलं की आत जागाच उरत नाही. आणि मी त्यात अठरा मिलिमीटरचा दांडा कोंबला होता, कारण जाड बिट सौम्य असतं असं ऐकलेलं. ज्याच्या तोंडात जागा आहे त्याच्यापुरतं ते खरं.

मग घोड्यांच्या दातांचा माणूस आला. वरच्या एका दाढेला धार आली होती, ती गाल कापत होती. त्याने अर्ध्या तासात ती कानशीने घासली. पुढच्या आठवड्यात खोगीर बघणारी बाई आली. खोगीर खांद्यांशी आवळत होतं, उडीनंतर जमिनीवर पाय टेकले की टोचायचं. म्हणजे मर्फी दुखण्यापासून पळत होता, आणि मी त्या दुखण्यात भर घालून त्याला थांबवत होते. हे समजल्यावर मी त्या रात्री जेवले नाही.

आण्णांना सांगितलं. ते कऱ्हाडकडचे शेतकरी, बैलांत आयुष्य गेलेलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "नवी वेसण घातली की नाक सुजतं, बाळा. सूज उतरेपर्यंत कासऱ्याला ओढ द्यायची नसते."

सहा आठवडे मर्फीला एकही उडी दिली नाही. चौदा मिलिमीटरचं स्नॅफल, म्हणजे तरफ नसलेलं साधं बिट घेतलं, मधे चपट्या मण्याचा जोड असलेलं, म्हणजे ते जिभेवर वळून बसतं. जमिनीवर काठ्या मांडून दुडकी, मग दौड. प्रत्येक तिसऱ्या काठीनंतर मोठा गोल फेरा.

उडी पुन्हा सुरू केली तेव्हा थोडा जास्तीचा धाक लागणार हे उघड होतं. सहाशे किलोंचा गडी आहे तो. साखळीसारख्या मण्यांचं वॉटरफर्ड दोनदा लावून पाहिलं, त्यावर तो रेलत नव्हता पण तोंड सारखं चाळवायचा. शेवटी पेलम निवडलं. मधे हलकीशी कमान, म्हणजे जिभेला जागा. मुख्य म्हणजे त्याला दोन लगाम लागतात. वरचा साध्या स्नॅफलसारखा चालतो. खालचा ओढला तरच तरफ आणि हनुवटीखालची साखळी काम करते. साखळी सपाट बसवायची, खाली दोन बोटं गेली पाहिजेत. आणि ओठांच्या बाहेर दांडा दोन्हीकडे जेमतेम अर्धा सेंटीमीटर दिसावा. मर्फीला साडेपाच इंची लागतं.

दोन लगाम बोटांत सांभाळायला महिनाभर गेला. काहीजण चामड्याच्या तुकड्याने दोन्ही कड्या जोडून एकच लगाम लावतात. मला ते पटत नाही, कारण मग हलका हात आणि जड हात असा फरकच राहत नाही. शिवाय मर्फीच्या गळ्यात एक जुना रिकिबीचा पट्टा बांधलाय. तोल गेला तर मी तो धरते, त्याचं तोंड नाही. स्पर्धेत ड्रेसाजच्या, म्हणजे ठरलेल्या चाली करून दाखवायच्या फेरीत पेलम चालत नाही, तेव्हा पुन्हा स्नॅफल.

भाचीला म्हणून आधी दात आणि पाठ तपासून घ्यायला सांगितलंय. मग तिच्या घोड्याच्या तोंडात स्वतः बोट घालून जागा बघायची, आणि पळताना तो मान खाली घालून रेलतो की डोकं वर करतो ते कुणाकडून तरी मोबाईलवर टिपून घ्यायचं. दोन्हीचा इलाज एक नाही.

आता सकाळी हिमाचा थर असतो. खोगिरांच्या खोलीतून बिट काढलं की ते बर्फासारखं लागतं, म्हणून मी ते आधी दोन्ही तळव्यांत धरून चोळते. मर्फी तोवर माझ्या खिशात नाक खुपसून गाजर शोधतो. परवा नऊ अडथळे झाले. पाचव्यानंतर तो जरा तापला, मी खालच्या लगामाची करंगळी मिटली आणि सोडली. सहाव्याला त्याचे कान पुढे होते.