राउटर बंद केला तरी टीव्हीवर कुणाचा तरी मोबाईल चालूच होता

मी ठाण्यात घोडबंदर रोडला इंटरनेट आणि टीव्हीची कामं करतो. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंतचे बरेचसे राहायचे टॉवर माझ्याकडे असतात, अकरा वर्षं झाली आता. दिवसाला आठ-दहा कॉल होतात, त्यातले निम्मे नेट स्लो आहेचे आणि हल्ली हल्ली मोबाईल टीव्हीला लागत नाही हे फार वाढलंय. त्यात लक्षात राहण्यासारखं काही नसतं, सेटिंग उघडायचं, दोन बटणं दाबायची, चहा नको म्हणायचं आणि पुढच्या बिल्डिंगला पळायचं. पण मागच्या पितृपक्षातला एक कॉल आहे तो माझ्या डोक्यातून जात नाही.

वाघबीळच्या पुढे एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर एक काकू एकट्या राहतात, सत्तरीच्या. मुलगा पुण्याला. त्या मुलाचाच फोन आला, आईचा टीव्ही हॅक झालाय, जरा लगेच बघा. मी गेलो. काकूंनी सांगितलं की रात्री आठ-साडेआठला सिरीयल चालू असते आणि टीव्ही एकदम आपोआप बदलतो, कुणाचा तरी मोबाईलच दिसायला लागतो मोठ्ठा, पाच-दहा मिनिटं राहतो आणि जातो. चार दिवस झाले. मी विचारलं मोबाईलमध्ये काय दिसतं काकू, तर त्या म्हणाल्या, "काहीतरी आपलं, मेसेज वगैरे," आणि खिडकीकडे बघायला लागल्या. खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो त्यांच्या, मला वाटलं सहज बघतायत.

मी आपलं नेहमीचं केलं. राउटरचं पान उघडलं, कोण कोण जोडलेलं आहे बघितलं, तर काकूंचा फोन आणि टीव्ही, तिसरं कोणी नाही. वायफायचा पासवर्ड त्यांचाच मोबाईल नंबर होता, म्हटलं सापडला चोर, कुणीतरी पोरगं नंबर टाकून घुसतंय. लांबलचक नवीन पासवर्ड टाकला, कालनिर्णयच्या मागे लिहून दिला, टीव्हीला परत जोडून दिला आणि काकूंना छातीठोकपणे सांगितलं की आता काही होणार नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री पावणेनऊला काकूंचा फोन. "बाळा, आला रे परत."

मला रात्रभर चैन पडली नाही. माझ्या कामात एखादी गोष्ट दुरुस्त झाली नाही तर वाईट वाटतंच पण इथे एकटी बाई घरात बसलीये आणि तिच्या टीव्हीत कुणीतरी येतंय आणि मी तिला सांगून आलोय की झालं काम. त्या दिवशी मी बाकीचे कॉल लवकर उरकले आणि बरोबर आठला काकूंकडे जाऊन बसलो. मेट्रोच्या कामामुळे कापूरबावडीला अर्धा तास गेला, तरी पोचलो.

काकूंनी चहा दिला. सिरीयल चालू झाली, टीव्हीचा आवाज त्या बारीक ठेवतात. आठ पंचवीसला सिरीयल गेली आणि वर एक बारीकशी पट्टी येऊन गेली, आणि मग पूर्ण टीव्हीभर मोबाईलचा होम स्क्रीन. वॉलपेपरला परकर-पोलक्यातली एक छोटी मुलगी. मग गॅलरी उघडली गेली, बोट दिसत नाही पण फोटो सरकताना दिसतात ना, तसं सरकत सरकत एका व्हिडिओवर येऊन थांबलं. उभा व्हिडिओ, दोन्ही बाजूला काळं. कोकणातलं घर, शेणाने सारवलेलं खळं, गौरी-गणपतीतली फुगडी. ती मुलगी मोठ्या बाईचे हात धरून गरागरा फिरतीये आणि खिदळतीये. आणि आवाज काकूंच्या टीव्हीतून येतोय.

मी उठलो आणि राउटरचं बटणच बंद केलं. सगळे दिवे गेले. टीव्हीवर फुगडी चालूच.

तेव्हा मला कळलं मी परवा कुठे चुकलो होतो. मोबाईल टीव्हीवर दाखवायचे दोन प्रकार आहेत आणि मला दोन्ही पाठ आहेत, रोज लोकांना समजावतो, पण त्या दिवशी मी एकाच बाजूने विचार केला. एक प्रकार कास्टचा, टीव्हीला लावायचं गुगलचं ते छोटं यंत्र, क्रोमकास्ट, २०१३ साली आलं तो. त्यात फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर लागतात, आणि युट्यूबचा व्हिडिओ वगैरे कास्ट केला तर तो फोनमधून जातच नाही, टीव्ही स्वतः इंटरनेटवरून ओढून घेतो, फोन नुसता रिमोट. दुसरा प्रकार मिराकास्टचा, २०१२ सालचा. कुठल्या फोनमध्ये त्याला स्मार्ट व्ह्यू म्हणतात, कुठे स्क्रीन कास्ट, कुठे वायरलेस डिस्प्ले, आयफोनमध्ये नसतो, त्यांचं एअरप्ले वेगळं, गुगलच्या पिक्सेलमध्ये पण नसतो. पण बाकी बऱ्याचशा अँड्रॉइडमध्ये आहे. त्यात फोन सरळ टीव्हीशी स्वतःचा वायफायचा धागा जोडतो, मधे राउटर लागत नाही, पासवर्ड लागत नाही, इंटरनेट तर नाहीच नाही. फोनवर जे दिसतं त्याचा चालता व्हिडिओ बनवून तो टीव्हीकडे फेकत राहतो, आवाजासकट. म्हणजे मी राउटरचा पासवर्ड बदलून पुढच्या दाराला नवीन कुलूप लावलं होतं आणि हा माणूस त्या दाराने येतच नव्हता.

म्हटलं जवळच कुणीतरी आहे, कारण हे फार लांबून चालत नाही. मी टीव्हीच्या मागच्या भिंतीला कान लावला. पलीकडे माणसं बोलतायत ते कळत होतं. "काकू, शेजारच्यांचा टीव्ही पण याच भिंतीवर आहे का?"

"हो रे, अगदी पाठीला पाठ. एकाच दिवशी घेतले आम्ही, दिवाळीच्या ऑफरमध्ये. त्यानेच आणून दिला मला."

एकच कंपनी, एकच मॉडेल. माझ्या फोनवर शोधून बघितलं तर लिस्टमध्ये एकाच नावाचे दोन टीव्ही, खालीवर, अक्षराचा फरक नाही. मधे सहा इंचाची भिंत. कंपनीतून आलेलं नाव कोणी बदलत नाही हो, मी अकरा वर्षांत कोणी बदललेलं बघितलं नाही.

आणि तेवढ्यात टीव्हीवर व्हिडिओ थांबला, परत लावला, परत थांबला. समोरच्या माणसाला वाटत असणार की जोडलं जात नाहीये. मग त्याने नाद सोडला आणि आपलं फोन वापरायला लागला. फोन टीव्हीला अजून चिकटलेला आहे याची खूण म्हणजे वर कोपऱ्यात एक छोटंसं चिन्ह असतं, ते कोण बघतं. बँकेचं ऍप उघडलं, ते टीव्हीवर काळं दिसलं, बँकेची ऍप्स स्वतःला अशी झाकून घेतात. पण ओटीपीचा मेसेज वरून पट्टीसारखा खाली आला आणि सहा आकडे मला सोफ्यावरून चष्म्याशिवाय वाचता आले. माझ्या पोटात गोळा आला. मी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

काकू गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चिऊ आहे ती."

मला कळेना.

"शेजारची चिऊ. पहिल्याच दिवशी ओळखलं मी, तिचं हसणं मला नाही कळणार? दोघं कामाला जातात, दुपारी शाळेतून माझ्याकडेच येते ती, वरण-भात खाते, झोपते." मग पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "फ्लॅट विकायला काढलाय त्यांनी. कुणाशी तरी लिहीत होता तो, घराचे फोटो पाठवत होता. समोरच्याने लिहिलं होतं, पितृपक्ष संपला की घटस्थापनेला टोकन देतो. मी वाचलं. वाचायला नको होतं, पण एवढी मोठी अक्षरं समोर आली तर डोळे मिटू का मी? मग रोज आठ वाजले की भीती वाटते, आज अजून काय दिसेल. म्हणून मुलाला म्हटलं, बंद करून दे बाबा. मला हे असं कळायला नको आहे."

मी काय बोलणार. मी तिथे आलो होतो हॅकर शोधायला.

काकूंचं काम दहा मिनिटांचं होतं. सेटिंगमध्ये जोडलेल्या फोनांची यादी असते, त्यात एक फोन कायमची परवानगी घेऊन बसलेला. काकूंना आठवलं, पहिल्या दिवशी सिरीयलवर एक चौकट आली होती, काय ते कळलं नाही, सिरीयल झाकली गेली म्हणून त्यांनी ओके दाबलं. त्यांचा टीव्ही एकदा परवानगी मिळाली की परत विचारत नाही असा लावलेला होता. मी तो फोन काढला, दर वेळी विचार असं करून ठेवलं आणि टीव्हीचं नाव बदलून काकू हॉल ठेवलं. आता कुणी हे नाव बघून चुकणार नाही.

"झालं," म्हटलं, "पण काकू, मला शेजारी सांगावं लागेल."

"नको रे."

"काकू, ओटीपी दिसला मला. आज तुमच्याकडे दिसला, उद्या वरच्या मजल्यावर दिसेल, सगळेच तुमच्यासारखे नसतात." हे मी जरा जोरातच बोललो असेन. लोक फोनला चार-चार लॉक लावतात, बोटाचे ठसे देतात, आणि तोच फोन उघडा करून भिंतीपलीकडे टांगून ठेवतात आणि त्यांना पत्ताच नसतो, याचा मला खरंच त्रास होतो.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सांग. पण मी वाचलं ते सांगू नकोस."

शेजारी बेल मारली. दार त्यानेच उघडलं, पस्तिशीचा असेल, टी-शर्ट आणि बर्म्युडा, मागे चिऊ. मी ओळख सांगितली आणि विचारलं, दादा तुमचा मोबाईल टीव्हीला लागत नाहीये का? तो चाटच पडला. "अहो, तुम्हाला कसं कळलं? आठवडा झाला डोकं फोडतोय. कनेक्टेड दाखवतो पण टीव्हीवर काहीच नाही, आणि वर फोनचा आवाज पण जातो. फोन लॉक केला की मग परत येतो. मला वाटलं फोनच गेला."

फोन अगदी बरोबर वागत होता, आवाज भिंतीपलीकडे काकूंच्या टीव्हीत जात होता. त्याच्या टीव्हीची यादी उघडली तर त्याचाच फोन नकार दिलेल्यांमध्ये पडलेला. कधीतरी चौकट आली असणार आणि चिऊने रिमोटचं बटण दाबून नाही म्हटलं असणार, ती लगेच आईच्या मागे लपली त्यावरून कळलंच. आपला टीव्ही घेत नाही म्हणून त्याने लिस्टमधलं दुसरं तेच नाव दाबलं, त्याला वाटलं एकच टीव्ही दोनदा दिसतोय. मी नकार काढला, टीव्हीचं नाव बदलायला घेतलं, काय ठेवू विचारलं तर चिऊ म्हणाली चिऊ ठेव. ठेवलं. फुगडी लागली, त्यांच्याच टीव्हीवर, आवाजासकट, आणि ती पोरगी सोफ्यावर उभी राहून स्वतःलाच बघून ओरडायला लागली.

मी त्याला दारापाशी बोलावलं आणि सगळं सांगितलं. कुठे जात होतं, कसं जात होतं, ओटीपी मी स्वतः वाचला हे पण सांगितलं. नोटिफिकेशन बंद करून मगच फोन टीव्हीला लावायचा, काम झालं की डिस्कनेक्ट दाबायचं, नुसतं फोन बाजूला ठेवून चालत नाही, हे त्याच्याच फोनवर दोनदा करून दाखवलं.

त्याचं लक्ष नव्हतं. त्याने विचारलं, "चार-पाच दिवस जात होतं?"

"हो."

"काकूंनी काय काय बघितलं?"

"ते मला विचारू नका दादा. टीव्ही चालू होता त्यांचा."

तो टीव्हीच्या भिंतीकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "दसरा झाला की सांगणार होतो त्यांना. चिऊला पण अजून माहीत नाही. कसं सांगायचं तेच जमत नव्हतं."

मी बॅग उचलली आणि लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट तळमजल्यावर होती. तेवढ्यात तो बाहेर आला, पायात चपला नाहीत, आणि काकूंची बेल वाजवून उभा राहिला. काकूंचे गुडघे दुखतात, दार उघडायला वेळ लागतो. त्याने परत बेल नाही वाजवली. कडी सरकली, दार उघडलं, दोघंही काही बोलले नाहीत. लिफ्ट आली, मी आत शिरलो, आणि दार बंद होता होता काकूंचा आवाज ऐकला, "चिऊ जेवली का रे?"