जाझवरचे लेख पारखताना: वहीतली नवी पानं

मागच्या नोंदीनंतर काम बरंच पुढे सरकलं आहे. पद्धत तीच: जाझ वादकावरचा मासिकातला जुना लेख वाचायचा, मग तो ज्या रेकॉर्डबद्दल आहे ती लावायची, लेख पुन्हा वाचायचा आणि ऐकायला त्याची कितपत मदत झाली त्यावरून वहीत त्याला श्रेणी द्यायची. ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या घरी रविवारी सकाळी दोघं-तिघं जमतात, त्यामुळे वाद घालायलाही माणसं असतात.

कसोटी आता पक्की होत चालली आहे. लेख मला रेकॉर्डमधल्या एखाद्या नेमक्या जागेपाशी नेतो का? आणि तिथे तो म्हणतो ते खरंच ऐकू येतं का? त्याआधीची सोपी चाचणी म्हणजे वादकाचं नाव बोटाने झाकून वाचणं. ‘काळजाला भिडणारा सूर’, ‘अफाट ऊर्जा’ ही वाक्यं सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनवर लिहिली तरी चालतात, ट्रम्पेटवादक चेट बेकरवर लिहिली तरी चालतात. अशी वाक्यं मी पेन्सिलीने खोडत जाते. उरेल तोच खरा लेख, आणि पुष्कळदा जन्मगाव आणि रेकॉर्ड कंपनीचं नाव एवढंच उरतं.

या खेपेला सगळ्यात जास्त वेळ गेला तो संगीतकार आणि समीक्षक गुंथर शुलरच्या लेखावर. ‘द जाझ रिव्ह्यू’ मासिकात 1958 साली आलेला, सॅक्सोफोनवादक सोनी रोलिन्सच्या ‘ब्लू 7’वरचा. रेकॉर्डिंग 1956चं, अकरा मिनिटांहून थोडं मोठं. सुरुवातीला डग वॉटकिन्सचा बास एकटाच चालतो. मग रोलिन्स मोजक्या सुरांची धून टाकतो, आणि तिचा षड्ज कुठला हे चटकन ठरत नाही. शुलरचं म्हणणं असं की पुढचा सोलो, म्हणजे त्याचं एकट्याचं उत्स्फूर्त वादन, हे कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटावर) सुचेल ते वाजवणं नव्हे, तो याच धूनेच्या तुकड्यांतून उभा राहतो. ख्याल ऐकणाऱ्याला हे पटकन उमगेल. बंदिशीच्या मुखड्यातली एखादी छोटी जागा धरून गायक तिचीच बढत करत जातो, तसंच काहीसं. लेख वाचून पुन्हा ऐकलं तेव्हा ते तुकडे एकामागून एक ओळखू येऊ लागले. त्याहून मोठी देणगी ड्रमवादक मॅक्स रोचच्या सोलोची. ट्रिपलेटचा (तीन-तीन ठोक्यांच्या गटाचा) एक तुकडा आणि एक रोल (सलग जलद ठोके), एवढ्याच ऐवजावर तो रचलेला आहे हे शुलर दाखवतो. ड्रम्सचा सोलो म्हणजे हाताची चपळाई असं मानणाऱ्या आमच्यातल्या एकाने तो भाग तिथल्या तिथे पुन्हा लावायला लावला.

पण याच लेखाची दुसरी बाजूही वहीत लिहिली आहे. इतक्या बारकाईने आपलं वाजवणं उकललेलं पाहून रोलिन्स अवघडला आणि परीक्षणं वाचणंच त्याने सोडलं. लेख श्रोत्याला जे देतो ते वादकाला देईलच असं नाही. तरीही माझ्या लेखी शुलर पहिल्या रांगेत. सुरांशी इतका वेळ बसलेला लेखक क्वचित सापडतो.

‘डाउनबीट’ या जाझ नियतकालिकातल्या समीक्षक जॉन टायननचं काय करायचं, यावर खूप वाद झाला. हॉलिवूडमध्ये कोल्ट्रेन आणि त्याचा साथीदार, सॅक्सोफोन आणि बासरी वाजवणारा एरिक डॉल्फी यांना ऐकून त्याने 1961च्या नोव्हेंबरात त्या वाजवण्याला ‘अँटी-जाझ’ म्हटलं. चांगला ऱ्हिदम सेक्शन (पियानो, बास, ड्रम्सची साथ) या दोघांच्या मागे वाया जातोय, अशी त्याची तक्रार. मला निष्कर्ष अजिबात मान्य नाही. पण हे विधान ऐकून तपासता येतं, आणि गुळमुळीत स्तुतीपेक्षा मला ते जवळचं वाटतं. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये रेकॉर्ड झालेलं कोल्ट्रेनचं ‘चेसिन द ट्रेन’ लावा. पियानो नाही. बारा बारचा (बारा आवर्तनांचा) ब्लूज, कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन आणि त्याच्याशी भिडलेला ड्रमवादक एल्विन जोन्स. वाया कोण जातंय? जोन्स झुंजतोय, आणि त्या झुंजीतूनच सोलो पुढे जातो.

1962च्या एप्रिलमध्ये ‘डाउनबीट’नेच डॉन डिमायकलने घेतलेल्या मुलाखतीतून कोल्ट्रेन आणि डॉल्फी या दोघांनाही उत्तर द्यायला जागा दिली. घरी असताना पक्ष्यांबरोबर वाजवायचो, त्यांचे सूर आपल्या सुरांच्या मधल्या फटींत पडतात, असं डॉल्फी तिथे सांगतो. हे वाचल्यावर त्याची बासरी वेगळी ऐकू येते. वादकाचं बोलणं लेखात असावं ते असं, कानाला नवं काही देणारं.

‘टाइम’ने 28 फेब्रुवारी 1964च्या अंकात पियानोवादक थेलोनियस मंकला मुखपृष्ठावर घेतलं. जाझ वादकाला असा मान फार थोड्या वेळा मिळाला. लेखात मात्र टोप्या, मौन आणि विक्षिप्तपणा यांनी बरीच जागा खाल्ली आहे. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून तो जो करकरीत सूर काढतो, सूर न वाजवता जी जागा मोकळी सोडतो, ते ऐकायला लेखाची मदत होत नाही. वहीत खालची श्रेणी.

पुढचं काम आपल्या अंगणातलं आहे. रोलिन्स 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात पवईच्या आश्रमात राहिला होता, ठाण्याहून हाकेच्या अंतरावर. 1978 साली मुंबईच्या पहिल्या ‘जाझ यात्रा’ महोत्सवात तो वाजवून गेला. त्याच्यावरच्या लेखांत पवई येते ती बहुधा ‘अध्यात्माचा शोध’ या दोन शब्दांपुरती. तिथून परतल्यावर त्याच्या वाजवण्यात काय बदललं, की काहीच नाही, हे रेकॉर्ड लावून सांगणारा लेख मला हवा आहे. जाझ यात्रेची इथल्या वर्तमानपत्रांत आलेली परीक्षणंही हवीत, मराठीतली तर आधी. कुणाच्या घरी कात्रणं असतील तर फोटो पाठवा. कुठली धून वाजली आणि सोबतीला कोण होतं एवढं जरी त्यात असलं तरी वाचायला घेईन.